मदत हवी आहे: रेस कारच्या एक्झॉस्टसाठी हलकी नळी कोणती निवडावी?

आम्ही विद्यार्थी एका सिलिंडरच्या इंजिनाची रेस कार बांधत असून तिच्या एक्झॉस्टच्या नळीपाशी अडलो आहोत. सध्याची ३०४ स्टेनलेस स्टीलची नळी ३८ मिमी बाह्य व्यासाची आणि १.२ मिमी जाडीची असल्याने तिचे वजन मीटरला सुमारे १.१ किलो भरते, जाडी ०.९ मिमी केल्यास ते ०.८४ किलोवर येईल, परंतु इंजिनाच्या कंपनांमुळे वेल्डलगत तडे जातील अशी मला खरी भीती वाटते. टायटॅनियम बरेच हलके आहे, मात्र ते वेल्ड करताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो, अन्यथा जोड ठिसूळ होतो, आणि आमच्यापैकी कोणालाच त्याचा सराव नाही. इंजिनाजवळ स्टेनलेस आणि पुढे टायटॅनियम वापरून दोन्ही सरकत्या जोडाने जोडावे का? ०.९ मिमीची नळी प्रत्यक्ष वापरलेल्यांनी ती कुठे तडकली, हे कृपया सविस्तर सांगावे.