सहकारी स्त्रीचा छळ दिसत असताना टीममधल्या इतरांनी काय करावे?

प्रश्न
मी एका सॉफ्टवेअर टीममध्ये वरिष्ठ अभियंता आहे. आमच्या एका सहकारी स्त्रीच्या कोडवर टीम लीड जसे शेरे लिहितात, तसे इतर कोणाच्याही कोडवर लिहीत नाहीत. बैठकीत तिला मध्येच तोडले जाते आणि तिनेच सुचवलेला उपाय थोड्या वेळाने दुसऱ्याने मांडला की त्याचे कौतुक होते. अलीकडे टीमच्या चॅट ग्रुपवर तिच्या पेहरावाविषयीही शेरे येऊ लागले आहेत. ती गप्प राहते. तक्रार मी करावी की तिने? माझ्या बोलण्याने तिचीच अडचण वाढेल, अशी भीती वाटते.

पहिले उत्तर
प्रथम तिच्याशी एकांतात बोला आणि तिला काय हवे आहे ते विचारा. चौकशी सुरू झाली की जबाब तिलाच द्यावे लागतात आणि तिचे वार्षिक मूल्यमापनही बहुधा त्याच लीडच्या हाती असते. म्हणून औपचारिक तक्रारीचा निर्णय तिचाच असावा. मात्र बैठकीत "हा मुद्दा त्यांनी आधीच मांडला होता, त्यांचे बोलणे पूर्ण होऊ द्या" एवढे म्हणायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. चॅटवरील शेऱ्यालाही त्याच ग्रुपवर, सर्वांसमोर हरकत घ्या, कारण इतरांचे मौन शेरा मारणाऱ्याला संमतीसारखे वाटते.

दुसरे उत्तर
आजपासून नोंदी ठेवा : तारीख, नेमके शब्द, हजर असलेली माणसे. कंपनीचा गोपनीय कोड मात्र बाहेर नेऊ नका, नाहीतर त्याच नियमभंगाचा बाऊ करून मूळ तक्रार बाजूला सारली जाईल. सॉफ्टवेअर अभियंता सुसान फाउलर यांनी २०१७ मध्ये उबरमधील अनुभव जाहीरपणे लिहिला. वरिष्ठाच्या चॅट संदेशांचे पुरावे दिल्यावर, हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे आणि तो उत्तम काम करणारा आहे, असे मनुष्यबळ विभागाने त्यांना सांगितले होते. पुढे त्याच माणसाविषयी आधीही तक्रारी झाल्याचे इतर स्त्रियांकडून त्यांना कळले. एकेकट्या तक्रारी एकमेकींना माहीत नसतात, याचाच फायदा घेतला जातो. म्हणून पूर्वी असे कोणाच्या बाबतीत घडले होते का, याचीही शांतपणे विचारपूस करा.

तिसरे उत्तर
पेहरावावरील शेरे आणि कोडवरील शेरे या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात, असे मला वाटते. पेहरावावरील शेरे हा सरळ छळ आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारानुसार एकदाच घडलेली घटनाही छळात मोडू शकते आणि कामाशी संबंधित डिजिटल संवादही त्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे "ते तर फक्त चॅटवर होते" ही सबब टिकू नये. कोड रिव्ह्यूमधला, म्हणजे सहकाऱ्याचा कोड तपासतानाचा, पक्षपात मात्र एका शेऱ्यातून सिद्ध होत नाही, तो तुलनेतूनच दिसतो. सारख्याच चुकीवर इतरांना काय लिहिले गेले आणि तिला काय लिहिले गेले, शेरा कोडवर आहे की व्यक्तीवर, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवा. वरिष्ठ म्हणून रिव्ह्यूचे लेखी निकष आणि प्रत्येक बदलासाठी दुसरा परीक्षक, या दोन मागण्या तुम्ही स्वतःच्या नावाने करू शकता. त्यासाठी तिचे नाव घेण्याचीही गरज नाही.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. उद्या तिच्याशी बोलतो. ती काहीही ठरवो, लेखी निकषांची मागणी मी याच आठवड्यात करणार आहे.