मदत हवी आहे: नव्या डूमचं परीक्षण लिहून राहिलो, पण तोलू कोणत्या डूमशी?

सक्करदरा_शूटर

राजेहो, पोस्ट मोठी आहे पण पूर्ण वाचा, खरंच मदत पाहिजे.

आमच्या इकडच्या एका छोट्या दिवाळी अंकानं यंदा गेमिंगला दोन पानं द्यायचं ठरवलं आणि संपादक ताईंनी 'डूम द डार्क एजेस' या राक्षसांना गोळ्या घालायच्या गेमचं परीक्षण माझ्याकडे दिलं. शब्द बाराशे. गेम १५ मे २०२५ ला आला, मी तेव्हाच घेतला, स्टोरी संपवली, आता दुसऱ्यांदा खेळून राहिलो आणि नोट्सनी वही भरली आहे. म्हणजे मसाला कमी नाही. अडचण ही आहे का डूमची मालिका १९९३ पासून चालू आहे आणि अंक वाचणारे लोक एका जातीचे नाहीत. काही जण नव्वदीच्या शेवटी कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले का लपून खेळलेले आहेत, पहिला एपिसोड फुकट वाटायला मोकळा होता म्हणून फ्लॉपीवरून सगळीकडे पोचला होता, त्यांच्यासाठी डूम म्हणजे अंधारा बोळ, शॉटगन आणि इम्प नावाच्या राक्षसानं फेकलेला आगीचा गोळा. आताच्या पोट्ट्यांसाठी डूम २०१६ पासून सुरू होतो आणि २०२० च्या 'डूम इटर्नल'वर जाऊन थांबतो, त्यांना त्याच्या खालचं काही चालतच नाही. आणि बाकीचे लोक म्हणजे ज्यांनी अंक कथा-कवितांसाठी घेतला आणि पान उलटता उलटता माझ्या लेखावर आले. हे तिसरे लोकच सगळ्यात जास्त असणार.

आता माझं मत आधी सांगतो म्हणजे कुठं अडलो ते कळंल. इटर्नलमध्ये पाय जमिनीवर टिकतच नव्हते. डबल जंप, हवेतल्या हवेत डॅश, मीट हुकनं राक्षसाला धरून झोका, गोळ्या संपल्या तर चेनसॉ, आर्मर पाहिजे तर खांद्यावरून आग ओका, हेल्थ पाहिजे तर ग्लोरी किल, आणि हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवायचं. डार्क एजेसमध्ये डॅश नाही, डबल जंप नाही. त्याऐवजी डाव्या हातात ढाल दिली आहे. तिनं अडवायचं, हिरवा मारा अंगावर आला का नेमक्या क्षणी ढाल पुढं करून तो परत धाडायचा म्हणजे पॅरी, ढालीच्या कडेची करवत फिरवून फेकायची, नाहीतर दूरच्या राक्षसावर ढालीसकट जाऊन आदळायचं. सुरुवातीच्या लेव्हल्स जड वाटतात. पण पुढं पुढं गेम उलगडत जातो, समोरून गोळ्यांच्या रांगा येतात, त्यांचा वेग असा ठेवला आहे का डोळ्यांना प्रत्येक गोळा वेगळा दिसतो, दोन रांगांमधली फट हेरायची, कडेकडेनं सरकत तिच्यात शिरायचं, मधला हिरवा दिसला का परतवायचा आणि तेवढ्यात पुढं घुसायचं. हे जमायला लागलं ना का उठवत नाही हो.

आणि मला वाटून राहिलं का हा ९३ चा डूम आहे! तेव्हा तर उडीच नव्हती. वरखाली नेम धरायचीही सोय नव्हती. गोळा येताना दिसायचा आणि आपण डावीउजवीकडे सरकायचो, बस. इटर्नलनं जमीन सोडली होती, याने परत जमीन धरली. लेखाचा कणा हाच ठेवावा असं माझ्या मनात आहे: सगळे म्हणतात नवा गेम संथ झाला, मी म्हणतो तो घरी आला.

पण मग प्रश्न. एक तर हे खरंच तसं आहे का मला जुन्याचं प्रेम आहे म्हणून तसं दिसून राहिलं? दुसरं, इटर्नलवाल्यांवर अन्याय होते का यात? आणि तिसरं म्हणजे ज्या बाईनं आयुष्यात गेम खेळला नाही तिला '९३ सारखा आहे' म्हणून काय समजणार? तिच्यासाठी काय लिहू? जाणकारांनी सांगावं, भांडलं तरी चालंल, पण खेळून भांडा.

जुना_३८६

भाऊ, अर्धं बरोबर आहे. पण त्या अर्ध्यावर पूर्ण कणा उभा करू नको.

आधी 'संथ' शब्द. ९३ चा आपला माणूस संथ नव्हताच, तो भयानक वेगात पळायचा. हळू होते ते आगीचे गोळे. नवीन स्लेयर (म्हणजे आपला हिरो) उलट वजनदार आहे, पाऊल टाकलं का जमीन हादरते. त्यामुळे 'पहिला संथ होता, हाही संथ आहे' असा अर्थ तुझ्या लेखातून निघाला तर जुना कोणीही खेळाडू तिथंच अंक मिटवंल. साम्य आहे ते मारा चुकवायच्या पद्धतीत. आडवं सरकणं, फट शोधणं. तेवढंच लिही, ते पक्कं आहे.

दुसरं म्हणजे तेव्हा आपण काही अडवू शकत नव्हतो. एक तर चुकवा नाहीतर खा. ढाल आल्यानं भीतीची जातच बदलते, कारण आता मारा यावा असं वाटायला लागते, हिरव्याची वाट पाहतो आपण. पहिल्या डूममध्ये कोणता पोट्टा इम्पच्या गोळ्याची वाट पाहत होता? आणि तेव्हा निम्मा खेळ लढाईत नव्हताच, लाल चावी कुठं आहे, निळं दार कुठं राहिलं, कोणत्या भिंतीमागं लपवलेली खोली आहे, यात तासनतास जायचे. नव्यात मोठ्या मोकळ्या लेव्हल्स आहेत, चोरखोल्याही आहेत, पण वाट चुकून रडकुंडीला येणं काही नाही.

अजून एक. ही सिरीज दर वेळी स्वतःलाच मोडते. २००४ चा डूम ३ आठव. अंधार एवढा आणि एका वेळी हातात टॉर्च धरा नाहीतर बंदूक, दोन्ही नाही. लोक किती चिडले होते त्यावर, पुढं २०१२ च्या आवृत्तीत टॉर्च आर्मरवर लावून दिली त्यांनी. मग २०१६ ला पुन्हा झगझगीत मैदानी लढाई. २०२० ला आकाशात. २०२५ ला ढाल. म्हणून 'घरी आला' म्हणू नको, याचं घर ठरलेलंच नाही. प्रत्येक डूम मागच्या डूमच्या चाहत्याला दुखावूनच आला आहे, हे वाक्य पाहिजे तर घे माझ्याकडून.

इटर्नल_भक्त

दादा मी तुम्ही म्हणता तो आताचा पोट्टा 😄 आणि मला नवा गेम आवडला, इटर्नलइतका नाही पण आवडला. अन्याय तुलना केली म्हणून होत नाही, सेटिंग न सांगितल्यानं होते.

यात डिफिकल्टीच्या आत स्लायडर दिले आहेत ते पाहिले ना? गेमचा स्पीड, पॅरीसाठी किती वेळ मिळणार, शत्रू किती अंगावर येणार, त्यांचे गोळे किती जोरात येणार, आपल्याला किती लागणार, सगळं वेगवेगळं कमीजास्त करता येते. मी पहिल्यांदा अल्ट्रा व्हायोलन्स या अवघड डिफिकल्टीवर जसाच्या तसा खेळलो तेव्हा मधल्या भागात कंटाळलो होतो, कारण पॅरी फार सहज बसत होती, मग पॅरीचा वेळ कमी केला आणि गेमचा स्पीड वाढवला तर बाप्पा, वेगळाच गेम! तेच राक्षस, तीच लेव्हल, पण आता हात थरथरत होते. तर मग 'गेम संथ आहे' किंवा 'गेम सोपा आहे' हे वाक्य कोणत्या गेमबद्दल आहे? तुमच्या का माझ्या? म्हणून परीक्षणात सुरुवातीलाच लिहा का मी अमुक डिफिकल्टीवर खेळलो आणि स्लायडरला हात लावला का नाही. मला ज्या परीक्षणांचा राग आला त्यातल्या एकातही हे नव्हतं.

आणि इटर्नलवाल्यांना नेमकं काय हुकते ते पण लिहा ना, नुसत्या उड्या हुकत नाहीत. इटर्नलमध्ये गोळ्या मुद्दाम कमी दिल्या होत्या म्हणून सारखी बंदूक बदलावी लागायची, कोणत्या राक्षसाला काय लागते ते पाठ असावं लागायचं. डार्क एजेसमध्ये एक आवडती बंदूक घेऊन बराच वेळ निभते. काहींना हे सुटका वाटते, मला हे कमी झालं असं वाटते. दोन्ही लिहा.

संगीताबद्दल कोणी बोललंच नाही. २०१६ आणि इटर्नलचं मिक गॉर्डनचं होतं, यात फिनिशिंग मूव्ह या संगीतकार जोडीचं आहे. गिटार जड आहे, लढाईत चालून जाते, पण गेम बंद केल्यावर एकही धून डोक्यात राहिली नाही माझ्या. इटर्नलची अजून कॉलेजला जाताना ऐकतो.

वाचनवेडी_धरमपेठ

मी तुमची ती 'न खेळलेली बाई'. भाचा खेळतो म्हणून धागा उघडला आणि सगळा वाचला.

सांगते मला काय समजलं. नावांच्या यादीतलं काहीच नाही समजलं, चेनसॉ, मीट हुक, ग्लोरी किल, तिथं डोळे घसरत गेले. पण 'रांगांमधली फट हेरायची, कडेकडेनं सरकत तिच्यात शिरायचं' हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं, आणि पहिल्यांदा कळलं का हा पोट्टा स्क्रीनसमोर बसून नुसता बटणं दाबत नसते, काहीतरी वाचत असते. मला हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तर माझी विनंती अशी का एक लढाई पूर्ण लिहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तुम्ही कुठं उभे होता, काय दिसलं, काय ठरवलं, काय झालं. तिला शब्द द्या तीनशे. तुलना नंतर.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहा का हे लहान मुलांसाठी नाही. दिवाळी अंक घरात सगळ्यांच्या हाती पडतो. बारा वर्षांच्या मुलाला घेऊन द्यावं का हा प्रश्न आईला पडणारच आणि उत्तर लेखात नसलं तर ती बाकीच्या लेखावर विश्वास ठेवणार नाही.

सक्करदरा_शूटर

ताई, तुमचं तर प्रिंट काढून टेबलासमोर लावतो. हो, युरोपच्या पेगीनं (गेमला वयाचं रेटिंग देणारी संस्था) १८ वर्षांवरच्यांसाठी ठरवला आहे आणि अमेरिकेत एम म्हणजे मॅच्युअर, रक्त-मांस उघड आहे, ते पहिल्या पानावरच लिहीन. लढाई पण ठरली, वेढ्याची लेव्हल आहे त्यातली एक घेतो, तिथं चहूबाजूंनी येतात आणि कोणाला आधी पाडायचं हे खेळणाऱ्यालाच ठरवावं लागते.

३८६ भाऊ, 'घरी आला' काढलं. आडवं सरकणं एवढंच ठेवतो आणि हिरव्याची वाट पाहायची गोष्ट तुमच्या नावानं (म्हणजे याच नावानं) टाकतो, चालंल ना? भक्ता, मी अल्ट्रा व्हायोलन्सवरच खेळलो, स्लायडर न हलवता. आता दुसऱ्या फेरीत तुझ्यासारखा पॅरीचा वेळ कमी करून पाहतो आणि दोन्ही अनुभव लिहितो.

ड्रॅगन आणि ॲटलान नावाच्या महाकाय यंत्रमानवाला मी एकच परिच्छेद देणार. ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त तेच दाखवलं, आणि दिसायला डोळे दिपतात हे खरं, पण ड्रॅगनवर बसून एका जागी तरंगत मारा चुकवायचा आणि गोळ्या झाडायच्या, ॲटलानमध्ये बसून ठोसे मारायचे, पायी लढताना जो विचार करावा लागते त्याच्या पावपटही इथं लागत नाही. कोणाचं वेगळं मत असंल तर आत्ताच सांगा.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटते कारण यात लोकांचे पैसे आहेत. हा गेम रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाश-सावली खऱ्यासारखी काढायचं तंत्र) चालतच नाही, बंद करायचा पर्यायच नाही. म्हणजे जीटीएक्स १६५० किंवा १६६० ग्राफिक्स कार्डवाल्यांनी घेऊच नये, आणि आपल्याकडे असे कार्ड असलेले किती जण आहेत ते तुम्हाला माहीत आहे. कमीत कमी आरटीएक्स २०६० सुपर नाहीतर आरएक्स ६६००, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ८ जीबी, रॅम १६ जीबी आणि एसएसडीवर १०० जीबी जागा, तीही १०८० पीला लो सेटिंगवर. हे चौकटीत टाकतो. पण माझं कार्ड याच्या बरंच वरचं आहे. आरएक्स ६६०० वर प्रत्यक्ष कसा चालते हे स्वतः पाहिल्याशिवाय मी लिहिणार नाही. आणि आपल्या उन्हाळ्याचं पण लिहायचं आहे, ४५ डिग्रीत खोलीत डेझर्ट कूलर लावून हा गेम खेळायचा म्हणजे कार्डाची परीक्षाच आहे. आहे का नागपुरात कोणाकडे ६६००?

इटर्नल_भक्त

माझ्याकडेच आहे दादा. लोवर छान चालते, मीडियमवर मोठ्या मैदानात थोडा अडकते, ते तुम्ही स्वतः पाहा. मे महिन्यात दुपारी खेळणं मी सोडूनच दिलं होतं, रात्री दहानंतर बसायचो, आणि पीसी कूलरच्या झोताच्या समोर कधीच ठेवत नाही, ती ओली हवा आणि वाळ्याचा कचरा आत गेला का पंखेच जाम होतात. हे पण चौकटीत टाका, नवीन पोट्टे हेच करतात, गार वारा लागावा म्हणून पीसी कूलरसमोर.

जुना_३८६

चौकटीत डिस्कचं पण टाक. पीएस५ च्या डिस्कवर फक्त ८५ एमबी आहे, बाकी सगळा गेम डाउनलोडच करावा लागते. डिस्क घेतली म्हणजे नेट लागणार नाही असं समजून कोणी घेऊ नये.

सक्करदरा_शूटर

दोन्ही टाकतो. भक्ता, रविवारी संध्याकाळी येऊ का तुझ्याकडे? वेढ्याची लेव्हल तुझ्या मशीनवर लो आणि मीडियम दोन्हीवर खेळून पाहू, म्हणजे लढाईपण तिथंच लिहून होईल. सेव्ह फाइल मी आणतो. पत्ता इथं टाकू नको, मेसेज कर.