मदत हवी आहे: जवान आणि स्वयंसेवकांचा एकत्र सराव कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाचे कायम जवान आणि गावातले आपदा मित्र (आपत्तीत मदतीचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) यांच्या एकत्र सरावाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. १४ एप्रिलपासूनच्या अग्निशमन सेवा सप्ताहात पहिला वर्ग घ्यायचा आहे.

होज (पाण्याचा पाइप) टाकणं, ब्रँच (पाइपाच्या टोकाची तोटी) धरणं, गॅस सिलिंडरची आग विझवणं हे सगळ्यांना मिळून शिकवता येईल. अडतं ते बीए सेटपाशी, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर लावायच्या हवेच्या बाटलीपाशी. ६ लिटरची बाटली ३०० बारला भरली तर हवा साधारण १८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरले तर पाऊण तास. पण दमलेला, घाबरलेला माणूस ती त्याच्या बऱ्याच आधी संपवतो. म्हणून स्वयंसेवकांना धुरात पाठवूच नये, असं माझं ठाम मत आहे. मात्र नुसतं गर्दी हटवायला उभं केलं की ते पुढच्या वेळी येत नाहीत, आणि मोठ्या आगीला माणसं तर लागतातच.

ज्यांनी असे वर्ग घेतले आहेत त्यांनी कृपया सांगा: बाहेरची कोणती कामं स्वयंसेवकांवर पूर्ण सोपवता? आत गेलेल्या जवानांच्या हवेची आणि वेळेची नोंद ठेवायला स्वयंसेवक चालतो का? आणि जवानांच्या पाळ्या व स्वयंसेवकांचा सुट्टीचा रविवार, हे जुळवता कसं?