मदत हवी आहे: रेडिएशनच्या काळात दोन लेकरांची सोय आणि बालसंगोपनचा कागद

मला स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, महात्मा फुले योजनेत केमोही पार पडली. आता रेडिएशन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात: आठवड्यातले पाच दिवस, तीन आठवडे. गाव परतूर तालुक्यात. एसटीला अर्धं तिकीट आहे, पैशाचं एवढं नाही. पण रोज जाऊन-येऊन अंगात काही उरणार नाही. केमोच्या वेळी एका दिवसातच थकायचे, थोरली तव्यावर वेड्यावाकड्या भाकरी थापायची.

थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. नवरा पाच वर्षांपासून सोडून गेलाय, घटस्फोट नाही. सासरचं कुणी विचारत नाही. भाऊ-भावजय दिवाळीपासून ऊसतोडीला, ते आता उन्हाळ्यातच येणार. शेजारच्या काकू रात्री सोबतीला झोपतील, पण तीन आठवडे कसं म्हणावं? शाळा बुडवून लेकरांना सोबत न्यायचं नाही.

बालसंगोपन योजनेत महिन्याला लेकरामागे २२५० रुपये मिळतात म्हणून अर्ज घेऊन गेले, तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला मागितला. माणूस जिता आहे, दाखला कुठून आणू? सरपंचाचं पत्र दिलं, चाललं नाही. रेशनकार्ड वेगळं आहे, पोलिसात तक्रार कधी केली नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा. परित्यक्ता म्हणून नेमका कोणता कागद चालला, तहसीलचा की कोर्टाचा? की माझ्या आजाराच्या कागदांवरच अर्ज बसतो? आणि रुग्णालयाजवळ बाईमाणसाला सोमवार ते शुक्रवार स्वस्तात राहता येईल अशी जागा कुणी स्वतः पाहिली आहे का?