मदत हवी आहे: खात्यात दहा लाख दिसतात, पण बियाण्याला पैसे नाहीत

पऱ्हाटी (सदस्यनाव), ३ जून २०२५

मंडळी, नमस्कार. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

घाटंजी तालुक्यात (जि. यवतमाळ) आमची लहानशी संस्था आहे. झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी ती उभी केली. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायांना मृगाआधी बियाणं-खत द्यायचं, हे मुख्य काम. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून मजुरांना मास्क, हातमोजे आणि चष्मेही देतो. पूर आला, वीज पडली की धान्याच्या किट असतातच. मी दिवसा एका पतसंस्थेत कारकून आहे. आधीचे कोषाध्यक्ष काका वारले आणि मार्चमध्ये ते पद माझ्या गळ्यात पडलं.

३१ मार्चला बँकेत ९,८६,४०० रुपये होते. गावात सगळ्यांना वाटतं संस्था जोरात आहे. मी चार रात्री बसून वह्या उलगडल्या, तर त्यातले ८,४०,००० एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून) शिवणकाम प्रशिक्षणासाठी दिलेले. १,०५,००० म्हणजे २०२३ च्या जुलैत पूर आला (महागाव तालुक्यात तेव्हा माणसं काढायला हेलिकॉप्टर मागवावं लागलं होतं), त्या वेळी पूरग्रस्तांसाठी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतले उरलेले. आपले म्हणावे असे राहिले ४१,४००. दोन कार्यकर्त्यांचं मानधन, खोलीभाडं आणि पेट्रोल धरून महिन्याचा खर्च २२,००० आहे. म्हणजे दोन महिनेही निघत नाहीत.

यंदा यादीत ६३ घरं आहेत. एका घराला कपाशीच्या दोन थैल्या (बीटीची ४७५ ग्रॅमची थैली यंदा ९०१ रुपये) आणि डीएपी खताचं एक पोतं १३५० चं. एका घराचे ३,१५२, म्हणजे एकूण १,९८,५७६.

गुरुजी म्हणतात, "अवं पोरी, पैसा खात्यातच तं हाये ना. बायाईनं मृग कोरडा काढायचा का? कंपनीच्या पैशातून घे, दिवाळीले टाकून देऊ वापस." दिवाळीत पुण्या-मुंबईची गावची मंडळी घरी येतात, देणग्या तेव्हाच येतात, हे खरं आहे.

पण लाल कापडाच्या वहीत मला मागच्या वर्षीच्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: "पूर निधीतून उसने ६०,०००. दिवाळीत वापस." शाळेच्या दप्तरांना गेले होते ते. मुलांना दप्तरं मिळाली, मी स्वतः वाटली आहेत. दिवाळी येऊन गेली, पैसे काही वापस आले नाहीत.

गुरुजींनी आयुष्यात संस्थेचा चहा फुकट प्यायलेला नाही, त्यामुळे कृपया त्यांच्यावर घसरू नका. मला विचारायचं एवढंच: हे उसने घेणं चालतं का? नसेल चालत तर या महिन्यात काय करू?

जमाखर्च, ३ जून

ताई, नाही चालत. देणाऱ्याने कामाचं नाव सांगून दिलेला पैसा दुसऱ्या कामाला वापरला तर तो विश्वासभंग होतो, हेतू कितीही चांगला असो. आणि कंपनीच्या बाबतीत फास आणखी आवळलेला असतो. दिलेला पैसा मंजूर कामावरच खर्च झाला, असं कंपनीच्या सीएफओला (मुख्य वित्त अधिकाऱ्याला) प्रमाणित करावं लागतं. तुम्ही खोटं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला) दिलंत, तर खाली त्यांचीही सही अडकते.

बँकेचं पासबुक बघून संस्थेची तब्येत ठरवायची सवय आधी मोडा. ताळेबंद काढा. ट्रस्ट कायद्याच्या नियमांतल्या अनुसूची ८ च्या नमुन्यात ठरावीक कामासाठीच्या निधीचा वेगळा रकाना असतो. तुमच्याकडे ते ८ लाख ४० हजार कुठे दाखवलेत?

पऱ्हाटी, ३ जून

कुठेच नाहीत. सगळं "उत्पन्न-खर्च खाते, शिल्लक" मध्ये एकत्र. ऑडिटर साहेब दरवर्षी जुन्याच कागदावर नवे आकडे टाकतात.

जमाखर्च, ३ जून

वाटलंच. म्हणून गुरुजींनाही तो पैसा आपलाच वाटतो. याच वर्षीपासून वेगळे करा, टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) तीन निधी तीन नावांनी उघडा. शिवाय आयकराची सूट टिकवायला वर्षभरात आलेल्या उत्पन्नातले ८५ टक्के संस्थेच्या कामावर खर्च व्हायला हवेत. ३१ मार्चला एवढे पडून असतील तर पुढच्या वर्षांत कशावर खर्च करणार ते सांगून आयकराचा फॉर्म १० भरावा लागेल, नाहीतर कर लागू शकतो. सीएला आजच विचारा, विवरणपत्राच्या वेळी नाही.

ठाणेकर काका, ४ जून

मी ५,००० देतो. क्यूआर कोड टाका इथे.

पऱ्हाटी, ४ जून

काका, मनापासून आभार. पण इथे खातं टाकत नाही, धाग्याचा विषय तो नाही आणि उद्या कोणी माझ्याच नावाने दुसरा कोड फिरवेल. (देणगी कुठेही द्या, पण रोख देऊ नका. २,००० च्या वरच्या रोख देणगीला ८०जी ची (देणगीदाराला आयकरात मिळणारी) सूट मिळत नाही.)

स्पष्टवक्ता, ४ जून

विदर्भाच्या नावावर किती संस्था जगल्या ते माहीत आहे आम्हाला. कोषाध्यक्षालाच चार रात्री बसून पैसा शोधावा लागतो, यातच सगळं आलं.

पऱ्हाटी, ४ जून

हो, आलं. म्हणूनच विचारतेय.

कोरडवाहू, ५ जून

गुरुजींनी खिशातून उसने द्यायचे, दिवाळीत परत घ्यायचे. सोपं आहे की.

जमाखर्च, ५ जून

सोपं नाही. विश्वस्ताने उसने दिले तरी संस्थेच्या वह्यांत ते कर्जच. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६अ प्रमाणे असं कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती येईपर्यंत कपाशी गुडघ्याला लागेल. द्यायचे तर देणगी म्हणून द्यावेत आणि पावती फाडावी. कृषी केंद्राचं बिलही चेकने द्या. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरला जात नाही.

वर्धेकर, ५ जून

ताई, मी पंधरा वर्षं हेच करतोय, म्हणून तीन गोष्टी बोलतो.

पहिली. कंपनीशी झालेला करार काढा आणि त्यातलं बजेट ओळीओळीने वाचा. समन्वयकाचं मानधन, भाडं, प्रवास यांची ओळ बहुतेक वेळा असते आणि आपले भोळे अध्यक्ष ती घेतच नाहीत. "समाजसेवेचा पैसा भाड्यात घालायचा नाही" हे वाक्य मी किमान दहा अध्यक्षांच्या तोंडून ऐकलंय. मग प्रकल्पाचं भाडं जातं कुठून? बियाण्याच्या पैशातून. आणि 'सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आतच हवा' ही भीती घालून घेऊ नका. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पावर प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाचं मानधन त्यात मोडत नाही.

दुसरी. तुमच्या ६३ घरांतल्या किती जणींना सरकारचं मिळणारं मिळालंय, ते बघा. पात्र आत्महत्या प्रकरणात १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. संजय गांधी निराधारचे महिन्याला १,५००. मुलं लहान असतील तर बालसंगोपनचे प्रत्येकी २,२५०. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता गेला तर कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २०,०००. विषबाधा, सर्पदंश, वीज असेल तर ती आत्महत्या नसते, तिथे गोपीनाथ मुंडे योजनेचे २ लाख, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज. एका बाईचं निराधार सुरू करून दिलं की तिला वर्षाला १८,००० मिळतात. तुमची दोन थैल्या आणि एक पोतं ३,१५२ चं. तहसीलला चार चकरा मारणारा कार्यकर्ता हाच तुमचा सगळ्यात स्वस्त मदत कार्यक्रम आहे, पण त्याचा फोटो चांगला निघत नाही म्हणून कोणी त्याला पैसे देत नाही.

तिसरी गोष्ट विसरलो. आठवली की लिहितो.

वर्धेकर, ५ जून

आठवली! १२एबी चा (संस्थेच्या आयकर सवलतीच्या नोंदणीचा) आदेश कधीपर्यंतचा आहे? २०२१ मध्ये सगळ्यांनी नव्याने नोंदणी केली ती पाच वर्षांची होती, ३१ मार्च २०२६ ला संपते. नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत, फॉर्म १०एबी वर. ८०जी चंही तसंच. यंदाच्या बदलाने ५ कोटींच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या संस्थांना १२एबी दहा वर्षांसाठी मिळू शकते. पण तारीख चुकली तर पुढच्या जूनला हा धागाही काढावा लागणार नाही.

पऱ्हाटी, १५ जून

उशीर झाला लिहायला. मे मध्ये पाऊस येऊन गेला आणि मग दडी मारून बसला, त्यामुळे आमच्याकडे पेरण्या थांबल्या होत्या. एरवी शिव्या घातल्या असत्या, यंदा तेवढाच वेळ मिळाला.

वर्धेकर भाऊ, तुम्ही म्हणता तेच निघालं. करारात समन्वयकाच्या मानधनाचे महिन्याला ५,००० होते. ऑक्टोबरपासून आठ महिने आम्ही एक रुपयाही घेतला नव्हता, आपल्याच खिशातून देत होतो. कंपनीच्या मॅडमना मेल केला. बियाण्यासाठी पैसे वळवायला त्यांनी सरळ नकार दिला. मात्र या ४०,००० ना मानधनाच्या पावत्या बघून तीन दिवसांत लेखी होकार आला. म्हणजे आपले झाले ८१,४००.

गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सायकलवर आले, लाल वही मागितली आणि त्या पेन्सिलीच्या ओळीवरून पेन फिरवून खाली सही केली, तारखेसकट. मग विचारलं, "आता हे कोन्या खात्यात लिवाचं?" सभेत ठराव घेतला: पूर निधीला ६०,००० देणं, दिवाळीच्या देणग्यांतून पहिलं तेच फिटेल, आणि २०२३ च्या देणगीदारांना पत्राने कळवायचं. पत्र मी लिहिलंय, गुरुजींनी त्यातलं शुद्धलेखन तपासलं.

घरं सगळी फिरलो. चौदा जणींनी आधीच उधारीवर थैल्या आणल्या होत्या. उरलेल्या ४९ जणींना प्रत्येकी एक थैली, ४४,१४९ रुपये, कृषी केंद्राला चेकने. डीएपी यंदा नाही. दोघी नाराज झाल्या आणि त्यांचं बरोबर आहे, दोन थैल्यांची सवय आम्हीच लावली. निराधारचे सव्वीस अर्ज निघाले, त्यात एक आजी अशी की कित्येक वर्षांपासून आमच्या यादीत आहे आणि तिचा अर्ज आजवर कोणी भरलाच नव्हता. आम्हीसुद्धा नाही.

१२एबी चा आदेश सापडला. भाऊ म्हणाले तसा, ३१ मार्च २०२६.

आता नवीन अडचण. आयकर पोर्टलवर संस्थेच्या लॉगिनला वारलेल्या काकांचा मोबाइल नंबर आहे, सगळे ओटीपी तिकडेच जातात. काकूंनी ते सिमकार्ड केव्हाच बंद केलं. आणि धर्मादाय कार्यालयात त्यांच्या जागी मी आल्याचा बदल अर्जही दिलेला नाही, तिथे अजून तेच कोषाध्यक्ष आहेत. आधी कुठलं काम करू? बदल अर्ज मंजूर होण्याआधी पोर्टलवरचा नंबर बदलता येतो का? कोणी केलं असेल तर सांगा, सप्टेंबर फार लांब नाही.