ब्रँचला 'शाखा' म्हणावं की 'फाटा'?

सोलापुरातल्या एका चादरी-टॉवेलच्या दुकानासाठी मी व्हॉट्सॲपवरचा चॅटबॉट, म्हणजे गिऱ्हाइकांना आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, बांधतेय. कोड लिहायचा नाही, पडद्यावर चौकोन मांडायचे आणि बाणांनी जोडायचे. पहिल्याच निरोपात तीन बटणं: चादर हवी, टॉवेल हवा, ऑर्डर कुठवर आली. (एका निरोपात बटणं तीनच बसतात, जास्त पर्याय हवे असतील तर दहा ओळींपर्यंतची यादी द्यावी लागते.) कुठलं बटण दाबलं त्यावर पुढचं संभाषण ठरतं. अशा फुटणाऱ्या प्रत्येक वाटेला इंग्रजीत 'ब्रँच' म्हणतात.

परवा दुकानाच्या मालकांना, काकांना, शेजारी बसवून हे दाखवत होते. चौकोन मांडायचं ते साधन मराठीत चालू होतं, आणि त्यात 'ब्रँच'चं भाषांतर 'शाखा' केलंय. एका चौकोनावर रकाना आला, 'शाखेचे नाव'. काकांनी शांतपणे टाइप केलं, 'चाटी गल्ली'. मग म्हणाले, "आपली दुसरी शाखा नाही गं, एवढंच पुरे ना?"

काकांची यात काही चूक नाही. बँकेची शाखा, दुकानाची शाखा. रोजच्या बोलण्यात शाखा म्हणजे पाटी लावून उघडलेली जागा. झाडाची शाखा कवितेत उरली, बोलताना आपण फांदीच म्हणतो.

माझा कौल 'फाटा'ला. सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळला पंढरपूरचा फाटा लागतो. कुठे जायचंय ते तिथे ठरतं आणि तशी वाट धरायची. चॅटबॉटमध्येही नेमकं हेच होतं. शब्द जुनाही आहे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तो 'फांटा' असा अनुस्वारासह भेटतो. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद: ताई, शब्द चांगला, पण जपून. 'उगाच फाटे फोडू नकोस' यातले फाटे कुणालाच नको असतात. आणि 'मानपानाला फाटा दिला' म्हणजे मानपान टाळला. सूचनेत 'या प्रश्नाला फाटा द्या' असं लिहिलंत तर लोक तो प्रश्नच काढून टाकतील.

माझं उत्तर: दादा, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. म्हणजे खरी काळजी क्रियापदाची घ्यायला हवी. 'देणे' नको, 'फोडणे' नको. 'फाटा काढा', 'फाटा जोडा' म्हटलं की रस्ताच डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद: आमची शेती उजनीच्या कालव्यावर. कालव्याला फाटा, फाट्याला चारी, हे शब्द आमच्या तोंडी रोजचे. पण फाट्याला गेलेलं पाणी परत कालव्यात येत नाही. तुमचे बाण पुढे एकत्र येतात का? येत असतील तर त्या जागेला काय म्हणणार?

माझं उत्तर: येतात, आणि यायलाच हवेत! चादर घ्या नाहीतर टॉवेल, पत्ता विचारणारा चौकोन एकच असावा. तो दोनदा बांधला की पिनकोडची दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते आणि त्यातली एक हमखास राहते. साधनात त्या जागेला 'विलीनीकरण' म्हटलंय, ते बँकांना शोभतं. मी 'संगम' लिहिणार. आपल्याकडे हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, आणि तिथल्याच मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे: 'वाछि तो विजेया होईवा', वाचेल तो विजयी होईल. मराठी शब्द शोधताना ही जागा आठवली की मला फार बळ येतं.

प्रतिसाद: आणि कुठलीच अट जुळली नाही तर? तो फाटा 'अन्यथा'चा की 'नाहीतर'चा?

माझं उत्तर: हाच फाटा सगळ्यात महत्त्वाचा, आणि मी तो आधी काढलाच नव्हता. चाचणीच्या वेळी एका गिऱ्हाईकाने बटण न दाबता लिहिलं, 'निळी डबल आहे का?' बॉट गप्प. त्या बाईंनी दहा मिनिटं वाट बघून दुकानात फोन केला.

'अन्यथा' सरकारी नोटिशीसारखं वाटतं. 'नाहीतर' मध्ये दटावणी आहे: पैसे भरा, नाहीतर... 'इतर' चाललं असतं, पण ते कोरडं आहे. शेवटी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "गिऱ्हाईक काय म्हणतं? 'मला दुसरंच काही विचारायचंय.' तेच लिही."

आता त्या फाट्याचं नाव आहे 'दुसरंच काही', आणि त्याचा बाण थेट काकांच्या फोनवर जातो.