अध्यक्ष दिल्लीतलीच कशाला?

ताई, तुम्ही लिहिलंय की राष्ट्रीय महिला संघटनेच्या अध्यक्षपदी दिल्लीत उठबस असलेली, इंग्रजी सफाईदार बोलणारी बाईच हवी. मला हे अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या नागपुरातच आहे.

अखिल भारतीय महिला परिषद १९२७ साली पुण्यात सुरू झाली, पहिल्या अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. शिक्षणासाठी त्या बायकांनी खूप केलं, ते मान्यच. पण १९३७ च्या नागपूर अधिवेशनात दलित कार्यकर्त्या जाईबाई चौधरींना जेवायला वेगळं बसवलं. हमाली करून शिकलेली, मुलींसाठी शाळा काढणारी ही बाई! दलित बायकांनी जाहीर निषेध केला. पुढे जुलै १९४२ मध्ये इथेच त्यांची स्वतःची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या. ठराव काय होते? घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायकांवर देखरेखीला बाईच. हे विषय ज्यांच्या अंगावरून गेले, त्यांनीच मांडले.

मागच्या महिन्यात नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत आमच्या महिला मंडळाची बैठक दुपारी चारला ठेवली. धुणीभांडी करणाऱ्या दोघी साडेपाचला आल्या, पदराला हात पुसत. तोवर कार्यकारिणी ठरून सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. त्यातली एक दारातच म्हणाली, "आमचं नाव कोणी घेतलं का नाही?"

आता येत्या रविवारी रात्री आठला पुन्हा बैठक आहे. निवड नव्याने करायची, असा ठराव मी मांडणार आहे.